वॉकी-टॉकी घेताय? संच निवडण्यापासून बोलण्याच्या शिस्तीपर्यंत, कोल्हापूर परिसरासाठी

जोतिबाच्या चैत्र यात्रेत किंवा विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर मोबाईल हातात असून फोन लागत नाही, कारण गर्दीनं टॉवर तुंबलेला असतो. गगनबावड्याच्या घाटात तर बऱ्याच वळणांवर रेंजच नसते. अशा वेळी वॉकी-टॉकीची आठवण होते. मग कुणीतरी ऑनलाइन शोधतं आणि ‘पाच वॅट, दहा किलोमीटर रेंज’ असं छापलेली सगळ्यात स्वस्त जोडी मागवतं. गाडी इथंच चुकीच्या रस्त्याला लागते. तसा संच परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि ते दहा किलोमीटरही मिळत नाहीत. अर्ध्या वॅटचा परवानामुक्त संच नीट वापरला तर शेत, मंगल कार्यालय, मंडळ आणि ट्रेक यांतली बहुतेक कामं त्यावर भागतात. त्यासाठी उंची, चॅनेल आणि बोलण्याची शिस्त या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

१. आधी काम ठरवा

वॉकी-टॉकी फोनची जागा घेत नाही. एकानं बटण दाबलं की त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना ऐकू जातं, एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि अंतर साधारण एक-दोन किलोमीटरच्या आतलं लागतं. काम या अटींत बसत असेल तरच पैसे घाला. कोल्हापुरातून इचलकरंजीतल्या दुकानाशी बोलायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, फोनच वापरा.

शेतीतलं नेमकं बसणारं काम म्हणजे नदीवरची मोटर आणि वरचं रान. पंचगंगेच्या किंवा भोगावतीच्या काठावर मोटर, पाईपलाईननं किलोमीटरभर लांब पाणी, आणि तिथं रात्री दारं धरणारा माणूस. शेवटच्या सरीला पाणी पोचलं, पाईपचा जोड निखळला, पाणी अचानक कमी झालं, हे मोटरीजवळच्या माणसाला त्या क्षणी कळायला हवं. मोबाईलवर चालणारा स्टार्टर असेल तर चालू-बंद करायला वॉकी लागत नाही. पण फुटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे नदीत बुडालेल्या पाईपच्या तोंडाच्या झडपेत, कचरा अडकलाय हे तो स्टार्टर सांगत नाही. ते काठावर टॉर्च घेऊन उभा असलेला माणूसच सांगतो.

बाकीची कामं थोडक्यात:

- मंगल कार्यालय: गेट, पार्किंग, स्टेज आणि स्वयंपाकघर. वरात गेटवर आली, पंगत उठली, जिलेबी संपत आली हे निरोप पोरं पळवून द्यावे लागत नाहीत.
- मंडळाची मिरवणूक: पुढचा, ट्रॅक्टरजवळचा आणि मागचा कार्यकर्ता.
- ट्रेक: सगळ्यात पुढचा वाटाड्या आणि सगळ्यात मागचा माणूस.
- बांधकाम: खालचा माणूस आणि स्लॅबवरचा मुकादम, किंवा काँक्रीट पंप आणि पाईपचं तोंड.
- दोन-तीन गाड्यांचा प्रवास: आंबा घाट, करूळ घाट, भुईबावडा घाट.
- कारखाना: शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत स्टोअर, मोल्डिंग आणि डिस्पॅच.

किती संच लागतील हे जागा मोजून ठरवा, माणसं मोजून नाही. कार्यालयाला चार पुरतात. मंडळाच्या वीस कार्यकर्त्यांना वीस संच दिले तर चॅनेलवर नुसता गोंधळ होतो.

२. कायदा समजून घ्या, मगच पैसे द्या

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हा छोटा पट्टा २०१८ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. म्हणजे या पट्ट्यातला कमी ताकदीचा संच वापरायला परवाना लागत नाही. पण त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, असावं लागतं. ते दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून, सरल संचार पोर्टलवरून मिळतं. ते मिळवण्याचं काम कंपनीचं किंवा आयातदाराचं. तुमचं काम एवढंच की बिलावरचं मॉडेल आणि ईटीएवरचं मॉडेल अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघायचं.

सत्तावीस मेगाहर्ट्‌झजवळचा सिटिझन बँडही परवानामुक्त आहे. पण त्याची तरंगलांबी अकरा मीटर, त्यामुळे छोट्या अँटेनावर हातातला संच जेमतेम चालतो. रोजच्या कामाला ४४६ चाच घ्या.

नवख्या माणसाचे पैसे जिथं वाया जातात अशा तीन जागा:

पहिली, ‘ड्युअल बँड’ स्वस्त संच. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्‌झ असं लिहिलेलं दिसलं की ते परवानामुक्त नाहीत असं समजा. त्यात ४४६ चं चॅनेल भरता येतं म्हणून ते परवानामुक्त होत नाहीत. ताकद जास्त, अँटेना काढता येणारी, आणि बटणं दाबून पोलीस किंवा अग्निशमन वापरतात त्या पट्ट्यांवरही बोलता येईल अशी रचना. नेमका यालाच आक्षेप आहे.

दुसरी, गोल बटणावर फक्त १ ते १६ आकडे असलेला, पडदा नसलेला संच. चांगले परवानामुक्त संचही असेच दिसतात, म्हणून फसगत होते. स्वस्तातल्या संचांत कारखान्यातूनच ४६२ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या वारंवारिता भरून येतात. संच छान बोलतो, पण परवानामुक्त पट्ट्याच्या बाहेर. आत काय भरलंय हे बाहेरून कळत नाही, कॉम्प्युटरला केबल लावूनच दिसतं. विक्रेत्याला चॅनेलची यादी लेखी मागा.

तिसरी, अमेरिकेतल्या पाहुण्यांनी आणलेली जोडी. तिथले घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झवर चालतात. तिथं ते कायदेशीर, इथं नाहीत. भेट आलीय म्हणून शोकेसमध्ये ठेवा, मिरवणुकीत नेऊ नका.

ऑनलाइन विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार संचाची वारंवारिता आणि मंजुरीची माहिती विक्रीच्या पानावरच द्यावी लागते. ज्या पानावर ‘लाँग रेंज’ मोठ्या अक्षरात आहे आणि मेगाहर्ट्‌झचा आकडा कुठंच नाही, ते पान बंद करा.

मोठा साखर कारखाना, खाण किंवा मोठी सुरक्षा एजन्सी असेल आणि अर्ध्या वॅटमध्ये भागत नसेल, तर रीतसर परवाना आणि ठरवून दिलेली वारंवारिता घ्यावी लागते. अर्ज सरल संचारवरच होतो आणि वर्षाला शुल्क भरावं लागतं. हॅम रेडिओ ही वेगळी वाट आहे. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की परीक्षा देता येते, पास झाल्यावर परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेत ओळख सांगायचं स्वतःचं अक्षरी नाव, मिळतं. पण तो छंद आणि सेवेसाठी आहे, धंद्याचे निरोप त्यावर द्यायचे नाहीत, आणि समोरचाही परवानाधारकच लागतो.

संचाबरोबर ठेवायची कागदपत्रं:

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेल क्रमांक
- ईटीएची छापील प्रत
- वारंवारिता आणि ताकद लिहिलेलं माहितीपत्रकाचं पान
- संचांचे सिरीयल क्रमांक आणि कुणाकडे कोणता संच याची यादी

मंडळांनी ही फाईल मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जाबरोबर पोलीस ठाण्यात दाखवून ठेवावी. हातातला वॉकी बघून बंदोबस्तातला पोलीस विचारणारच. आपण पोलीस किंवा स्वयंसेवक दल आहोत असा भास होईल असे पट्टे, शिट्ट्या आणि ‘कंट्रोल, कंट्रोल’ अशी भाषा टाळा. उजळाईवाडी विमानतळावरून जाणार असाल तर संच नेण्याबद्दल विमान कंपनीला आधी विचारा.

३. दुकानात काय बघायचं

ताकदीचा आकडा सोडून द्या, परवानामुक्त संच सगळे अर्ध्या वॅटच्या घरातलेच. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी.

पाणी. आयपी५४ म्हणजे पावसाचे शिंतोडे सोसतो. आयपी६७ म्हणजे अर्धा तास मीटरभर पाण्यात पडला तरी टिकतो. राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर वापरायचा असेल तर ६७ च घ्या. शहरातल्या कार्यालयाला ५४ पुष्कळ झालं.

चार्जिंग. यूएसबीवर थेट चार्ज होणारा संच पॉवरबँकवर चालतो. फक्त टेबलावरच्या कपात बसवून चार्ज होणारा संच वीज गेली की बसला. ट्रेक आणि पुरासाठी हा मुद्दा सगळ्यात वरचा.

हेडफोनची पिन. दोन पिनांची जोडणी सर्रास मिळते, सुटा इअरपीस सहज बदलता येतो. कंपनीची वेगळी पिन असेल तर तुटल्यावर आठवडाभर अडून बसाल.

चॅनेलची संख्या. जुने संच ८ चॅनेलचे, नवे १६ चे. मंडळात दोन्ही प्रकार असतील तर १ ते ८ मधलंच चॅनेल ठरवा.

की-लॉक आणि टाइम-आउट. की-लॉक म्हणजे चुकून बटण दाबलं जाऊन चॅनेल बदलू नये म्हणून लावायचं कुलूप. टाइम-आउट म्हणजे बटण ठरावीक वेळेपेक्षा जास्त दाबलेलं राहिलं तर संच स्वतः बोलणं थांबवतो. हे असलेलाच संच घ्या, कारण पुढं येईल.

४. चॅनेल आणि कोड लावणं

पट्ट्यातलं पहिलं चॅनेल ४४६.००६२५ मेगाहर्ट्‌झवर आहे, पुढचं प्रत्येक चॅनेल १२.५ किलोहर्ट्‌झनं वर, आणि सोळावं ४४६.१९३७५ वर.

क्रम असा:

अ. सगळे संच चालू करून चॅनेल १ सोडून द्या. डब्यातून काढलेला संच बहुधा १ वरच असतो, त्यामुळं तिथं गर्दी. मिरवणुकीच्या दिवशी तर शेजारच्या तीन मंडळांचा तोच आकडा निघतो.

आ. कोड (तो काय, ते पुढच्याच टप्प्यात) बंद ठेवून एकेक चॅनेल दहा-पंधरा मिनिटं ऐका. जिथं कुणी बोलत नाही ते मुख्य, दुसरं तसंच एक राखीव ठरवा. कार्यालय असेल तर हे लग्नाच्या दिवशी ऐका, सोमवारी सकाळी नाही.

इ. आता कोड लावा. सीटीसीएसएस नावाचा हा कोड म्हणजे तुमच्या आवाजाखाली सतत जाणारा बारीक सूर. समोरचा संच तोच सूर आला तर स्पीकर उघडतो, नाहीतर गप्प राहतो. साधारण ३८ सूर असतात, ६७.० हर्ट्‌झपासून २५०.३ हर्ट्‌झपर्यंत.

ई. सगळ्या संचांवर चॅनेल, कोड आणि कोडचा प्रकार तपासा. डीसीएस हा वेगळा, अंकी प्रकार आहे. एकावर सीटीसीएसएस १२ आणि दुसऱ्यावर डीसीएस १२ असेल तर दोघंही बहिरे.

वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र वापरताना कोडच्या क्रमांकावर विसंबू नका, हर्ट्‌झ बघा. नेहमीच्या ३८ सुरांच्या यादीत १२ वा क्रमांक १०० हर्ट्‌झचा आहे. पण काही कंपन्या यादीत ६९.३ हर्ट्‌झ घुसवतात, आणि तिथून पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकतात. त्यांच्याकडं १०० हर्ट्‌झ म्हणजे १३. दोन्ही पडद्यांवर ‘१२’ दिसतंय आणि ऐकू मात्र काही येत नाही, यामागं बहुतेकदा हेच कारण निघतं.

डब्यावर याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हटलेलं असतं. त्यात प्रायव्हसी अजिबात नाही. कोड बंद ठेवलेल्या कुठल्याही संचावर तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. रोकड कुठं ठेवलीय, दागिन्यांची पेटी कुठल्या खोलीत आहे, लहान मूल एकटं कुठं बसलंय, हे वॉकीवर बोलायचं नाही. दुसरी गोष्ट, एकाच चॅनेलवर वेगळ्या कोडनं दोन गट बसले तर त्यांना एकमेकांचा आवाज येत नाही, पण एकमेकांचं बोलणं ते तोडतात. म्हणून बोलण्याआधी ‘बिझी’चा हिरवा दिवा बघायची सवय लावा.

रेंजच्या टोकाला कोड अडचणीचा ठरतो. सिग्नल कमजोर झाला की सूर ओळखू येत नाही आणि स्पीकर बंदच राहतो, जरी खरखरीत का होईना आवाज ऐकू आला असता. ट्रेकमध्ये आणि पुरात कोड बंद ठेवलेला बरा. निदान मॉनिटर बटण कुठं आहे ते सगळ्यांना दाखवून ठेवा, ते दाबलं की कोड बाजूला राहून सगळं ऐकू येतं.

५. रेंज: डबा काय म्हणतो आणि रान काय देतं

या वारंवारितेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर, स्लॅब, पत्रा किंवा ओलं हिरवं पीक आलं की संपलं. डब्यावरचा आकडा डोंगरमाथ्यावरून समोरच्या मोकळ्या दरीत मोजलेला असतो. आपल्याकडं ढोबळ अंदाज असा धरा:

- पेठांमधल्या बोळांत: ३०० ते ६०० मीटर
- मोकळ्या रानात, पीक कमी असताना: दीड ते दोन किलोमीटर
- दोघंही उभ्या उसात: त्याच्या निम्म्याहून कमी
- आरसीसी इमारतीत: दोन-तीन मजले
- पत्र्याच्या शेडमधून बाहेर: दार उघडं कोणत्या बाजूला आहे त्यावर
- डोंगरावरून समोर दिसणाऱ्या ठिकाणी: पाच किलोमीटर आणि जास्तही

रेंज वाढवायचे फुकटचे उपाय आहेत. संच कमरेला लावून इअरपीसवर बोललात तर शरीर निम्मी ताकद खातं. हातात घ्या, तोंडासमोर धरा, अँटेना उभी ठेवा. दोघांपैकी एकानं आडवी धरली तरी आवाज पडतो. उसाच्या कडेला बांधावर किंवा ट्रॉलीवर चढा. अँटेना पिकाच्या शेंड्यावर आली की मघाशी न लागलेला माणूस लागतो. तरंगलांबी जेमतेम ६७ सेंटीमीटर आहे, त्यामुळं आवाज तुटत असेल तर एक-दोन पावलं बाजूला सरकून बघा. पत्रा आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात, फूटभर पलीकडं नाही.

सगळ्यात उपयोगी म्हणजे मधला माणूस. मिरवणुकीचं पुढचं टोक पापाची तिकटीला आणि मागचं मिरजकर तिकटीला असेल, तर एका कार्यकर्त्याला मधल्या एखाद्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर बसवा. दोन्हीकडचं त्याला ऐकू येतं आणि तो निरोप पुढं म्हणून दाखवतो. पाच वॅटच्या संचानं जे झालं नसतं ते या गच्चीनं होतं.

अँटेना बदलायच्या फंदात पडू नका. परवानामुक्त संचाची अँटेना पक्की बसवलेली असते, ती मुद्दाम तशी आहे.

६. बोलण्याची शिस्त

तांत्रिक बिघाडापेक्षा जास्त घोळ इथं होतात.

बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. संच बोलायच्या स्थितीत यायला आणि समोरच्याचा कोड उघडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिला शब्द गिळला जातो. तोंड आणि माईक यांत चार बोटांचं अंतर ठेवा, आवाज नेहमीचा. ओरडलात तर माईक फाटतो आणि शब्द कळत नाहीत. बोलून झाल्यावरही अर्धा क्षण बटण धरून ठेवा.

शेवटचा नियम मराठीत जिवावरचा आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मोटर चालू करू नको’ म्हणताना बोट लवकर उचललं तर पलीकडं ‘मोटर चालू करू’ एवढंच पोचतं. पाईपच्या जोडाला कुणी हात घातलेला असताना हे परवडणारं नाही. म्हणून वॉकीवर ‘नको’वर संपणारी आज्ञा द्यायचीच नाही. ‘थांब. थांब. मोटर बंद ठेव.’ असं म्हणायचं, आणि समोरच्यानं तेच परत म्हणून दाखवायचं: ‘बंद ठेवलीय.’ नुसत्या ‘हो’वर काम सुरू करायचं नाही.

आकडे सुटे सांगा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव खरखरीत एकसारखे वाटतात. ‘पाच-नऊ’, ‘नऊ-सात’ असं सांगितलं की प्रश्न मिटतो. गाडीचा नंबर, पंगतीतली पानं, सिमेंटच्या गोण्या, सगळं असंच.

हाक मारताना आधी समोरच्याचं ठिकाण, मग आपलं: ‘गेट, गेट, पार्किंग बोलतोय.’ माणसाच्या नावापेक्षा जागेचं नाव बरं. कार्यकर्ते बदलतात, शिवाय एका मंडळात तीन संत्या असतात. संपलं की ‘ओव्हर’ म्हणा, संवादच संपला तर ‘आउट’. काहींना हे सिनेमातलं वाटतं, पण एका वेळी एकच बोलू शकतो तिथं पाळी कुणाची हे सांगावंच लागतं. आणि एक निरोप दहा सेकंदांत बसला पाहिजे. ‘काय मर्दा, जेवलास का’ यासाठी राखीव चॅनेल ठेवा, नाहीतर मुख्य चॅनेल दुपारपर्यंत गप्पांचं होतं.

७. कामानुसार काय वेगळं करायचं

मिरवणूक. साउंड सिस्टीमसमोर स्पीकरचा उपयोग शून्य. कानात घट्ट बसणारा इअरपीस आणि कॉलरला माईक लावा, बोलताना साउंडच्या भिंतींकडं पाठ करा आणि माईकवर तळहात धरा. व्हॉक्स, म्हणजे आवाजावर आपोआप चालू होणारी सोय, पूर्ण बंद ठेवा. ती चालू राहिली तर ढोलाच्या ठोक्यावर संच बोलायला लागतो आणि सगळ्यांचं चॅनेल अडतं. एकही शब्द ऐकू येणार नाही हे गृहीत धरून दोन इशारे आधी ठरवा: कॉल-टोन (बटण दाबल्यावर समोरच्या संचावर वाजणारी घंटी) एकदा म्हणजे ‘थांबा’, दोनदा म्हणजे ‘पुढं चला’.

ट्रेक. पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर मसाई पठारावर लांबच्या लांब बोलता येतं. पुढं जंगलात उतरलं की पुढच्या-मागच्यात टेकडीची एक सोंड आली तरी संपर्क तुटतो. म्हणून ‘ऐकू आलं नाही तर ओरडत बसू’ असं नाही, वेळ ठरवा: दर अर्ध्या तासाला पुढचा हाक देईल. दोन हाकांना उत्तर नाही तर पुढचा जिथं आहे तिथं थांबेल आणि उंच जागा बघेल. धुक्यानं रेंज कमी होत नाही, ओल्या झाडीनं होते. संच रेनकोटच्या आत कोरडा राहतो, पण बोलताना बाहेर काढा.

गाड्या. गाडीचा पत्रा लहरी अडवतो, संच काचेजवळ धरा. बोलायचं काम शेजारच्या सीटवरच्याचं, चालकाचं नाही. घाटात दोन वळणांपलीकडची गाडी लागणार नाही हे धरूनच चला.

क्रेन आणि लिफ्ट. या कामाला वेगळं चॅनेल, त्यावर दुसरं कुणीही नाही. खालचा माणूस ‘खाली… खाली… खाली…’ असं सलग म्हणत राहतो आणि आवाज थांबला की ऑपरेटर थांबतो. बॅटरी गेली, चॅनेल अडलं, काहीही झालं तरी शांततेचा अर्थ ‘थांब’ हाच.

कारखाना. डिस्टिलरी, इथेनॉलच्या टाक्या, पेंटची बंद खोली, पेट्रोल पंप इथं साधा संच वापरू नका. अशा ठिकाणी ठिणगी होऊ नये म्हणून वेगळे प्रमाणित, इंट्रिन्सिकली सेफ संच येतात, महाग असतात आणि त्यांची बॅटरीही त्याच प्रमाणाची लागते. दगडखाणीत विजेवर उडणारे डिटोनेटर जोडलेले असतील तर तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यानं सांगितलेल्या अंतराच्या आत बटण दाबायचं नाही.

८. काय बिघडतं आणि का

सगळे संच एकदम गप्प, कुणालाच बोलता येत नाही: कुणाचं तरी बटण दाबून राहिलंय. संच पिशवीत कोंबलाय, पट्ट्याखाली दबलाय किंवा मांडीखाली आहे. कुणाचा लाल दिवा जळतोय ते शोधा. टाइम-आउट ६० सेकंदांवर लावलेला असता तर हे आपोआप सुटलं असतं.

ऐकू येतं पण आपलं जात नाही: बॅटरी. ऐकायला कमी वीज लागते, बोलायला कितीतरी जास्त. कमजोर बॅटरीवर संच चालू दिसतो आणि बटण दाबताच बसतो.

सतत खरखर: स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय, फार खाली आहे. मधल्या आकड्यावर आणा. फार वर नेलात तर लांबचा माणूस गायब होतो.

कर्कश शिट्टी: दोन संच शेजारी आहेत आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतोय. दहा पावलं लांब जा.

दुपारी दोनला बॅटरी संपली, डब्यावर मात्र बारा तास: तो आकडा पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के शांतता धरून काढलेला असतो. लग्नाच्या दिवशी ते प्रमाण टिकत नाही. गेट आणि स्टेजला एकेक जादा बॅटरी द्या, किंवा अक्षता पडल्यावर जेवणाच्या वेळेत आळीपाळीनं चार्ज करा.

पावसात आवाज घोगरा: स्पीकरच्या जाळीत पाणी आहे. संच उलटा करून झटका, फुंकर मारू नका. चार्जिंगच्या खाचेवरचं रबर उघडं राहिलं असेल तर आयपी६७ सुद्धा कामाचा नाही. वाळेपर्यंत चार्जिंगला लावायचा नाही.

९. पावसाळ्याआधीची तयारी

प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं यांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. पुरात आधी वीज बंद करतात, मग टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपतं. तेव्हा गल्लीतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, बोट आणि काठ यांच्यात वॉकी चालतो. पोलीस किंवा आपत्ती दलापर्यंत मात्र तो पोचत नाही, त्यांचे पट्टे वेगळे. फोन लागत असेल तोवर ११२.

मे अखेरीस सगळे संच बाहेर काढा. वर्षभर पडून राहणारी लिथियम बॅटरी निम्मी भरून, संचातून काढून ठेवायची असते. पूर्ण रिकामी ठेवलेली परत उठत नाही. पूर्ण चार्ज करून एक दिवस चालू ठेवा आणि ज्या बॅटऱ्या दुपारीच बसतात त्या बदला. चॅनेल आणि राखीव चॅनेल मार्करनं संचाच्या पाठीवर लिहा, कोड बंद ठेवा. पॉवरबँक आणि केबल त्याच डब्यात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. संच ३९ लाच वाटून टाका, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आधी. वाटल्यावर प्रत्येकाची एकदा हाक घ्या. त्यानंतर बॅटरी वाचवायला संच बंद ठेवून दर तासाला ठरलेल्या मिनिटाला पाच मिनिटं चालू करायचे, उदाहरणार्थ प्रत्येक तासाच्या ठोक्याला. बोटीतल्याचा आणि काठावरच्याचा संच तेवढा सतत चालू.